ऐन वेळचें तोंडीलावणें

घरीं चार माणसें यावयाचीं असें ठरलेलें असावें आणि दिवेलागणीला दारांत आठ उभीं राहावींत, हा प्रसंग शहरांतील कोणत्याहि गृहिणीला नवा नाहीं. भात वाढवितां येतो, आमटींत पाणी घालतां येतें, पापड तळतां येतात. परंतु पान मांडलें जाईपर्यंतचा जो अर्धा-पाऊण तास गप्पांत जातो, त्या वेळांत मंडळींपुढें काय ठेवावें हा प्रश्न उरतोच. चिवडा, शेव, खारे दाणे हें त्याचें सर्वमान्य उत्तर. मासे खाणाऱ्या घरांतून मात्र ह्या प्रश्नाला आणखी एक उत्तर फार दिवसांपासून आहे. डब्यांतील दोन मुठी सुकी मासळी, अर्धा नारळ, कांदा, चार-सहा मिरच्या आणि चिंचेचा एक गोळा एवढ्या साहित्यावर वीस मिनिटांत असें एक तोंडीलावणें तयार होतें कीं, पापडाच्या तुकड्यावर घेऊन खातां खातां पाहुणे जेवणाची वेळ विसरतात.

गोमंतकांत ह्या पदार्थाला किसमूर म्हणतात. तेथें ती बहुधा बारीक सुक्या कोळंबीची, नाहीं तर सुक्या बांगड्याची करितात. कोंकणांत व मुंबईंत तीच गोष्ट जवळ्याची किंवा सोड्यांची चटणी ह्या नांवानें ताटाच्या डाव्या बाजूला येते. कोठें कांदा परतून घेतात, कोठें कच्चा. कोठें चिंच, तर कोठें आमसूल. लसणाबद्दल तर घरोघर वेगळा कायदा. पदार्थ मुळांत मेजवानीचा नव्हे. पावसाळ्यांत मासळीबाजार ओस पडला म्हणजे पेजेला किंवा आमटीभाताला चव यावी म्हणून तो साध्या घरांतून होत असे आणि आजहि होतो. शहरांतील दिवाणखान्यांत तो काचेच्या रकाबींतून फिरूं लागला, ही त्याची अलीकडची बढती होय.

वीस मिनिटें हा हिशेब खरा आहे. पण तो केवळ स्वयंपाकघरांतला हिशेब. ताजी कोळंबी आणून, सोलून, तिचा काळा दोरा काढून, मसाला लावून शिजवावयाची म्हटली तर तास-दीड तास मोडतो. सुकी मासळी घेतल्यानें हा वेळ वांचतो, याचा अर्थ एवढाच कीं, तो दुसऱ्या कोणी तरी, दुसऱ्या ठिकाणीं, आधींच खर्च करून ठेवलेला असतो. तो कोणी व कसा खर्च केला हें ठाऊक असलें म्हणजे मासळी निवडतांना, भाजतांना आणि भाव करतांनाहि हात शहाणा होतो.

जवळा हा कोळंबीच्या वर्गांतला, पण फार तर बोटाच्या पेराएवढा जीव. मुंबई, पालघर, रायगडच्या किनाऱ्यांवर तो मुख्यतः डोलीच्या जाळ्यांत सांपडतो. डोल म्हणजे समुद्रांत जखडून ठेवलेली भली मोठी जाळ्याची पिशवी. तिचें तोंड भरती-ओहोटीच्या ओढीकडे ठेवितात आणि पाण्याबरोबर जें वाहत येईल तें तिच्या शेपटांत सांठतें. जवळा इतका नाजूक कीं, पाण्याबाहेर आल्यावर कांहीं तासांतच तो बिघडूं लागतो. म्हणून होडी लागतांच तो टोपल्यांनीं उचलावयाचा, अंगणांत पातळ पसरावयाचा, तासा-दोन तासांनीं उलथावयाचा, कावळ्या-कुत्र्यांवर नजर ठेवावयाची, दंव पडण्यापूर्वीं गोळा करावयाचा आणि पुरता वाळला नसल्यास दुसऱ्या सकाळीं पुन्हां मांडावयाचा. बोंबलाचें काम याहून जिकिरीचें. ताज्या बोंबलाच्या वजनांत जवळ जवळ ९० टक्के पाणीच असतें. दोन दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यांत अडकवून बांबूंच्या मांडवावरील दोऱ्यांना टांगावयाचे आणि ऊन व वारा दोन्ही लागूं द्यावयाचीं. दहा किलो ताज्या बोंबलांतून सुका माल हातीं येतो तो सव्वा ते दीड किलो. बाकीचें सारें आकाशांत जातें. उत्तन, अर्नाळा, सातपाटी येथील किनाऱ्यांवर हे मांडव हंगामांत अजूनहि भरलेले दिसतात.

समुद्रावर जाणें हें बहुतांशीं पुरुषांचें काम. परंतु मासळी किनाऱ्याला लागल्यापासून ती गिऱ्हाइकाच्या पिशवींत पडेपर्यंतचें जवळ जवळ सारें काम कोळणींचें असतें. भर उन्हांत वाकून मासळी पसरणें, निवडणें, गोणींत भरणें आणि पहाटेच्या गाडीनें बाजार गांठणें, हा त्यांचा दिनक्रम. ह्या उद्योगाचा शत्रु म्हणजे अवकाळी पावसाची एक सर. वाळत आलेला जवळा भिजला कीं तो बहुधा माणसाच्या खाण्यांतून जातो आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या किंवा खताच्या भावानें द्यावा लागतो. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलें, तें नेमकें घरोघर पावसाळ्याची बेगमी करण्याच्या दिवसांत. दहा रुपयांसाठीं घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला हा जमाखर्च दिसत नाहीं.

बेगमी हा शब्द येथें जपून वापरावयास हवा, कारण सुक्या मासळीचें सारें शास्त्र त्याच शब्दांत आहे. महाराष्ट्राच्या व गोव्याच्या किनाऱ्यावर जून आणि जुलै ह्या महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. कायदा नव्हता तेव्हांहि खवळलेल्या समुद्रानें ही बंदी पाळावयास लाविलीच होती. नारळी पौर्णिमेपर्यंतचे दिवस काढावयाचे ते डब्यांतल्या मासळीवर. गोव्यांत मे महिन्यांत म्हापसें, मडगांव इत्यादि ठिकाणीं पुरुमेंताचें फेस्त भरतें, तें ह्याचसाठीं. पुरुमेंत हा शब्द तरतूद ह्या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला आहे. तेथें सुक्या बांगड्यांच्या व सुंगटांच्या राशींशेजारींच चिंच, सोलें, मिरच्या आणि कांद्यांच्या माळा मांडलेल्या असतात. म्हणजे किसमुरीचें सर्व साहित्य एका रांगेंत! एवढ्या बाजारानें डबा भरलेला असेल तर अवचित आलेल्या पाहुण्यांचें भय उरत नाहीं.

आतां खरेदी. उत्तम जवळा फिकट गुलाबी किंवा पांढुरका असतो, त्याचे डोळे काळे ठिपक्यांसारखे वेगळे दिसतात आणि मूठ आवळली तर तो कुरकुरतो. तपकिरी पडलेला, एकमेकांस चिकटणारा, पिठासारखी धूळ सोडणारा जवळा जुना समजावा. वासाविषयीं बरेच घोटाळे आहेत. सुक्या मासळीला वास असावयाचाच. तो समुद्राचा आणि खारा असावा. नाकांत नवसागरासारखी झणक बसली किंवा आंबूस वास आला तर ती मासळी कितीहि स्वस्त असो, घेऊं नये. याहून महत्त्वाची गोष्ट वाळूची. किनाऱ्याच्या रेतींत पसरून वाळविलेल्या जवळ्यांत रेती राहते आणि पाहुण्याच्या दांताखालीं ती आली कीं सगळी मेहनत फुकट. जाळीवर, ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर वाळविलेला माल स्वच्छ असतो, त्याला पैसे थोडे अधिक पडतात.

बाजारांतला संवाद बहुधा असा होतो. 

"मावशी, रेती नाहीं ना ह्यांत?" 

"नाय गो ताई, जाळीवर सुकवलाय. हातांत घेऊन बघ." 

"मग त्या पलीकडच्या ढिगाहून महाग कां?" 

"त्यो रेतीतला हाय म्हणून. तुला त्यो पायजे तर त्यो घे. घरीं जाऊन धुवत बस." 

एवढ्या स्पष्ट बोलण्यानंतर शहाणी गृहिणी भाव करीत नाहीं.

घरीं आणलेला जवळा एकदां कडक ऊन देऊन, नसल्यास मंद आंचेवर कोरडाच गरम करून, थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या बरणींत भरावा. शीतपेटी असेल तर तिच्या बर्फाच्या कप्प्यांत तो महिनोगणती राहतो आणि शेजाऱ्यांनाहि त्याचा पत्ता लागत नाहीं. दमट हवेंत कागदाच्या पुडींत ठेवलेला जवळा मात्र पंधरवड्यांत मऊ पडतो आणि त्याला कीड लागते.

आठ माणसांपुरती किसमूर करावयाची तर दोन वाट्या जवळा, दीड वाटी खोवलेला ओला नारळ, दोन मध्यम कांदे, पांच-सहा ब्याडगी मिरच्या, सुपारीएवढी चिंच, थोडी कोथिंबीर आणि पळीभर खोबरेल लागतें. खोबरेल म्हटल्यावर देशावरच्या मंडळींना केसांची आठवण होते आणि त्या नाक मुरडतात. त्यांनीं शेंगदाण्याचें तेल खुशाल घ्यावें. परंतु कच्च्या, चांगल्या घाण्याच्या खोबरेलाचा जो गोडसर वास भाजल्या मासळीवर येतो तो दुसऱ्या कोणत्याहि तेलानें येत नाहीं, हेंहि त्यांनीं ऐकून ठेवावें.

जवळा प्रथम मोठ्या भोंकांच्या चाळणींत घेऊन खळखळ हलवावा. मिशा, तुटके पाय, बारीक रेती खालीं जाते. मग सुपांत किंवा ताटांत पसरून खडा, शिंपल्याचा तुकडा, भलताच एखादा मासा असेल तर वेंचून काढावा. माल स्वच्छ असेल तर धुण्याची गरज नाहीं. धुवावाच लागला तर चाळणींतच पाण्याची एक धार देऊन लगेच घट्ट पिळावा आणि फडक्यावर पसरावा. पाण्यांत भिजत ठेवलेला जवळा पुन्हां कुरकुरीत होणें कठीण. यानंतरचें भाजणें हा ह्या पदार्थाचा प्राण. जाड बुडाच्या तव्यावर, मंद आंचेवर, तेल न घालतां तो सतत हलवीत भाजावा. पहिल्या दोन मिनिटांत जो वास सुटतो तो बाजाराचा. तो सहन करावा, खिडकी उघडावी, पण आंच वाढवूं नये. पांच-सहा मिनिटांनीं वास पालटतो, भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळपास येतो आणि बोटांत दाबला तर जवळा मोडतो. येथेंच तवा उतरवून जवळा ताटांत काढावा, कारण तापल्या तव्यावर राहिला तर तो करपतो व कडवट होतो. बहुतेक ठिकाणीं किसमूर बिघडते ती ह्या अर्ध्या मिनिटांत.

त्याच तव्यावर तेलाचा थेंब सोडून मिरच्या फुगेपर्यंत भाजाव्यात. मीठ आणि मिरच्या हातानें चुराव्यात. ज्यांच्या हातांची आग होते त्यांनीं खलबत्ता वापरावा. ह्या चुऱ्यांत बारीक चिरलेला कांदा घालून बोटांनीं चोळावा. मिठानें कांद्याला पाणी सुटतें, त्या पाण्यांत मिरचीचा रंग व तिखटपणा उतरतो. चिंच कोमट पाण्याच्या एका चमच्यांत भिजवून तिचा दाट कोळच घालावा, पातळ पाणी नव्हे. मग नारळ घालून पुन्हां हलक्या हातानें चोळावें, कोथिंबीर व खोबरेल घालावें. एवढी तयारी पाहुणे येण्यापूर्वीं तासभर करून झांकून ठेवतां येते. जवळा मात्र ह्यांत अजून पडावयाचा नाहीं.

जवळा मिसळावयाचा तो अगदीं शेवटीं, रकाबी बाहेर नेतांना. कांद्या-नारळाचा ओलावा त्याला लागला कीं दहा-पंधरा मिनिटांत तो पाणी पितो, मऊ पडतो आणि कुरकुरीत तोंडीलावण्याऐवजीं ओलसर चोथा हातीं येतो. सुकविणाऱ्या कोळणीनें जें पाणी दोन दिवस खपून घालविलें तें घाईघाईंत परत भरून टाकावयाचें, यासारखा दुसरा अपव्यय नाहीं. कित्येक घरांतून भाजलेला जवळा वेगळ्या वाटींत नेऊन पाहुण्यांसमोरच मिसळतात. त्यांत दिखाऊपणाचा भाग थोडा असला तरी पदार्थाच्या दृष्टीनें ती रीत बरोबर आहे. मीठ चाखल्याशिवाय दुसऱ्यांदां घालूं नये. जवळा स्वतःचा खारेपणा घेऊन येतो.

ही किसमूर कोरडी. ताटांत भातावर ती शोभते. परंतु उभ्या-बसल्या गप्पांत पापडावर किंवा पावाच्या तुकड्यावर घ्यावयाची तर ती सांडते आणि गालिच्यावर तिचे अवशेष राहतात. अशा बैठकीला वाटलेलें, दाट, बुडवून खातां येईल असें तोंडीलावणें हवें. त्यासाठीं खारा बांगडा उत्तम. दोन सुके खारे बांगडे वीस मिनिटें पाण्यांत ठेवावे, मध्यें एकदां पाणी बदलावें. तेवढ्यांत जादा मीठ उतरतें. मग पुसून, तव्यावर थोड्या तेलांत दोन्ही बाजूंनीं खरपूस भाजावे. निवल्यावर कातडी व मधला कणा काढून मांस बोटांनीं सुटें करावें आणि प्रत्येक चिमूट बोटांत चोळून काटा राहिला नाहीं ना हें पाहावें. हें काम मुलांवर सोंपवूं नये व दिव्याच्या मंद उजेडांत करूं नये. एक वाटी नारळ, चार सुक्या मिरच्या, लसणाच्या चार-पांच पाकळ्या, चमचाभर धने आणि चिंच हीं अगदीं थोड्या पाण्यांत गंधासारखीं वाटून घ्यावींत. बांगड्याला तिरफळाची जोड कोंकणांत व गोव्यांत पूर्वापार आहे. चार तिरफळें बिया काढून ठेंचावींत, दोन चमचे पाण्यांत भिजवावींत आणि तें पाणी वाटणांत घालावें. शेवटीं मासळी घालून यंत्र एकदांच फिरवावें किंवा पाट्यावर वरवंट्याचे दोन हात द्यावे. मासळीचे तंतु जिभेला लागले पाहिजेत. तिचें पीठ झालें तर खाणाऱ्याला आपण काय खात आहों हेंच कळत नाहीं. वर खोबरेलाची धार. सोबत तांदळाचे पापड, भाकरीचे तव्यावर कडक केलेले चतकोर, किंवा भाजलेल्या पावाच्या पट्ट्या द्याव्यात.

येथें एका गोष्टीचा उल्लेख करणें भाग आहे. युरोप-अमेरिकेंत अशा तऱ्हेचें तोंडीलावणें करितांना धुरी दिलेली मासळी मऊ चीज, आंबट साय किंवा दही यांत कालवितात, आणि तीं कृतिपत्रें पाहून आपल्याकडेहि तसें करून पाहण्याची हौस वाढली आहे. मराठी घरांत मात्र मासे आणि दूध-दहीं एकत्र आलें कीं आजी हात धरते. तिचा हा आग्रह निराधार गांवगप्पा नव्हे. मासे व दूध यांचा संयोग चरकसंहितेनें विरुद्ध आहारांत गणलेला आहे. त्यामुळें कोड उठतें ही जी भीति घातली जाते, तिला आधुनिक वैद्यकांत पुरावा नाहीं, आणि बंगाल्यांत दह्यांतली मासळी आनंदानें खाल्ली जाते. तरीहि पाहुण्यांत वडीलधारीं माणसें असतील तर वाद घालीत बसण्यापेक्षां नारळाचें घट्ट दूध वापरावें. दाटपणा तोच येतो, बांगड्याच्या तेलकटपणाशीं त्याचें चांगलें जमतें आणि आजीहि रकाबीला हात लावते.

ज्यांच्या घरीं सुक्या मासळीचा डबाच नाहीं, त्यांना बंद डब्यांतली तारली किंवा कुपा उपयोगी पडतो. तत्त्व तेंच आहे. फ्रान्समध्यें निकोला आपेर यानें अन्न हवाबंद करून उष्णतेनें टिकविण्याची आपली पद्धत १८१० सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, तेव्हांपासून दुसऱ्यानें आधीं खर्चिलेला वेळ डब्यांत भरून मिळूं लागला. डब्यांतील तारलीचे काटे उष्णतेनें मऊ झालेले असतात, ते मांसाबरोबर कुस्करून खाल्ले तरी चालतात व त्यांतील चुना शरीराला मिळतो. डब्यांतलें तेल किंवा पाणी निथळून टाकावें, मासळी कुस्करावी, वर सांगितलेलें वाटण अर्ध्या प्रमाणांत घालावें, लिंबू पिळावें. दहा मिनिटांचेंहि काम नाहीं. खारा वास त्याला नसतो हा कित्येकांना गुण वाटतो. ज्यांना सवय आहे त्यांना तो दोष वाटतो. गोमंतकांतील बाल्चांव आणि पारा हीं ह्याच कुळांतलीं, पण बरणींत मुरणारीं तोंडीलावणीं. मसाला व्हिनेगारांत वाटून, तेलांत परतून, त्यांत सुकी कोळंबी किंवा मासळी घालून तीं टिकवितात. बाल्चांव हें नांव पूर्वेकडील मलायी मुलखांतून पोर्तुगिजांबरोबर आलें असें मानितात. ज्या घरांत ही बरणी आहे त्या घराला वीस मिनिटेंहि लागत नाहींत, केवळ चमचा लागतो.

ताज्या मासळीचें असेंच तोंडीलावणें करण्याचा मोह मात्र विचारपूर्वक आवरावा, निदान बांगडा व कुपा यांच्या बाबतींत. हे मासे पकडल्यावर बर्फांत न राहिले तर त्यांत जंतूंच्या क्रियेनें हिस्टामीन नांवाचें द्रव्य तयार होतें. हें द्रव्य एकदां झालें कीं शिजवून, भाजून, तळून नाहींसें होत नाहीं, आणि मसाल्याखालीं तर तें ओळखूंहि येत नाहीं. खाल्ल्यावर थोड्याच वेळांत चेहरा लाल होतो, डोकें ठणकतें, अंगावर गांधी उठतात, पोट बिघडतें. पुष्कळदां ह्याचा दोष मिरचीला दिला जातो. वाटण घालण्यापूर्वीं मासळीची एक चिमूट जिभेवर ठेवावी. मिरीसारखी चरचर लागली तर ती मासळी मुकाट्यानें टाकून द्यावी. खाऱ्या बांगड्यालाहि हीच परीक्षा लागू आहे, कारण शिळ्या बांगड्याला मीठ लावून तो खपविणारेहि बाजारांत असतात.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. कोळंबी, जवळा, खेंकडे हे कांहीं माणसांच्या प्रकृतीला मुळींच सोसत नाहींत; ओठ सुजतात, घसा आंवळतो, श्वास कोंडतो, आणि अशा वेळीं तांतडीनें वैद्यकीय मदत न मिळाल्यास जिवावर बेतूं शकतें. जवळा वाळविल्यानें किंवा भाजल्यानें हा दोष जात नाहीं. शिवाय नारळ-मिरचीच्या वाटणांत तो दिसतहि नाहीं. म्हणून रकाबी फिरविण्यापूर्वीं "ह्यांत जवळा आहे" हें मोठ्यानें सांगणें यजमानिणीचें कर्तव्य आहे. पाहुण्याला चकित करण्याची हौस येथें कामाची नाहीं.

हेंच सांगणें आणखी एका कारणासाठींहि आवश्यक ठरतें. शहरांतील आठ पाहुण्यांत दोन शाकाहारी असतात, एकाचा त्या दिवशीं वार असतो, आणि श्रावण चालूं असेल तर अर्ध्यांहून अधिक मंडळी हात आंखडतात. त्यांच्यासाठीं तेंच नारळ-कांद्याचें वाटण, मासळी मिसळण्यापूर्वीं, वेगळ्या भांड्यांत वेगळ्या चमच्यानें काढून ठेवावें आणि त्यांत भाजलेल्या तिळांचें किंवा शेंगदाण्यांचें कूट घालावें. तव्याचा क्रमहि तोच ठेवावा. मिरच्या आधीं, मासळी मागाहून. वासाबद्दल सदनिकांतून कुरबुरी होतात, मासळी खाणाऱ्यांना घर भाड्यानें देण्यास कां-कूं होते, हें सर्वांना ठाऊक आहे. सुकी मासळी विकावयास आलेल्या कोळणीला कित्येक इमारतींच्या फाटकावरूनच परत जावें लागतें. तिच्या टोपलीला दाराशीं अडविणारें घर आणि तिचीच मासळी दूरच्या दुकानांतून चकचकीत पाकिटांत दुप्पट दरानें आणून पाहुण्यांपुढें मांडणारें घर हें पुष्कळदां एकच असतें.

भाजतांना वास कोंडूं नये म्हणून तवा खिडकीशीं घ्यावा आणि भाजणें पाहुणे येण्यापूर्वीं तासभर उरकावें. भाजलेला जवळा निवल्यावर घट्ट डब्यांत कुरकुरीत राहतो. तवा व हात चिंचेच्या उरलेल्या चोथ्यानें आणि मिठानें घांसले कीं वास जातो, साबणानें तो तितका जात नाहीं. रकाबींत उरलेली किसमूर दुसऱ्या दिवसावर ठेवूं नये असा शिरस्ता आहे, पण नारळ आंबलेला नसेल तर रात्रीं शीतपेटींत ठेवून सकाळीं ती तव्यावर थोड्या तेलांत परतावी. मऊ पडलेला जवळा अशानें पुन्हां खमंग होतो, आणि गरम उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर घरची मंडळी ती पाहुण्यांच्या वाट्याहून अधिक आवडीनें संपवितात.